जखमी हरणाचा माग आणि कुत्र्याचे नाक

चेन्नईत अड्यारलगतच्या गिंडी राष्ट्रीय उद्यानात, जेमतेम २.७ चौरस किलोमीटरच्या रानात, चितळ आणि काळवीट टिकून आहेत. तेथे आणि शेजारच्या आयआयटीच्या आवारात भटका कुत्रा मात्र हरणांचा वैरीच ठरत आला आहे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मुळे शिकारच बंद असल्याने शिकारीत जखमी झालेले हरीण हुडकणारा कुत्रा भारतात घडवला जात नाही. ती विद्या पाहावी जर्मनीत, जेथे हॅनोव्हेरियन व बव्हेरियन हाउंड पिढ्यान्‌पिढ्या याच कामासाठी जोपासले गेले.

सरावासाठी कृत्रिम माग तयार करताना शिक्षकाच्या बुटांच्या तळाला हरणाचे खूर बसवतात आणि जंगलातून चालताना अधूनमधून रक्ताचे थेंब सांडतात. कुत्रा लांब पट्ट्याला बांधलेला, नाक जमिनीला टेकलेले. आरंभी माग ताजा व आखूड असतो. पुढे तो शिळा होत जातो, इतका की तेथील वरच्या दर्जाच्या परीक्षेत किमान १,००० मीटरचा माग २० किंवा ४० तासांनी काढावा लागतो. रक्त हे निमित्तमात्रच म्हणावे, कारण खुरांच्या बेचक्यातील ग्रंथींचा गंध आणि तुडवलेल्या गवत-मातीचा वास यांवरही कुत्रा चालतो. खरी कसोटी म्हणजे वाटेत निरोगी हरणाचा ताजा माग आडवा आला तरी तो सोडून जुन्यालाच चिकटून राहणे. हा संयम शिकवणे सर्वांत कठीण.

भारतात हीच घ्राणशक्ती शिकाऱ्यांविरुद्ध वापरली जाते: २००८ पासून वन्यजीव व्यापारावर लक्ष ठेवणाऱ्या ‘ट्रॅफिक’ संस्थेच्या उपक्रमातून तयार झालेली श्वानपथके वनखात्यांसाठी वन्यप्राण्यांची कातडी व हाडे हुडकतात.