वाऱ्याचा बोभाटा, पाण्याचा घाला

चक्रीवादळाच्या बातमीत पहिला आकडा असतो वाऱ्याच्या वेगाचा. छपरे उडतात, झाडे आडवी होतात, टीव्हीवर दिसायला तेच सोपे. पण बंगालच्या उपसागराचा इतिहास चाळला तर माणसे मारली ती मुख्यतः पाण्याने. १२-१३ नोव्हेंबर १९७० च्या रात्री भोला वादळाने तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात किमान तीन लाख बळी घेतले. त्यांतले बहुसंख्य बुडून गेले.

हे वादळी उधाण येते कुठून? वादळाच्या पोटात हवेचा दाब उतरतो, म्हणून समुद्र तिथे थोडा वर उचलला जातो. दाब नेहमीपेक्षा एक हेक्टोपास्कलने उतरला की साधारण एक सेंटिमीटर. १९९९ च्या ओडिशाच्या महावादळात केंद्राचा दाब ९१२ हेक्टोपास्कलपर्यंत उतरला होता. या हिशेबाने पाणी जेमतेम मीटरभर चढायला हवे. प्रत्यक्षात ते पाच-सहा मीटर चढले. वरचा सगळा भार वाऱ्याचा. खोल समुद्रात वाऱ्याने लोटलेले पाणी खालून परत फिरते. उथळ पाण्यात तळ आडवा येतो आणि पाण्याला किनाऱ्यावर चढण्यावाचून वाट उरत नाही. बंगालच्या उपसागराचे उत्तरेकडचे टोक उथळ, वर नरसाळ्यासारखे निमुळते, आणि पुढे गंगा-ब्रह्मपुत्रेचा सपाट त्रिभुज प्रदेश. याहून वाईट जुळणी शोधून सापडायची नाही.

म्हणजे उधाण कुठे माजेल, हे वादळ जन्मण्याआधीच बरेचसे ठरलेले असते. कलकत्त्याच्या हेन्री पिडिंग्टनला ते संगणकाशिवाय कळले होते. ‘सायक्लोन’ हा शब्द रूढ करणारा हा जुना दर्यावर्दी. त्याच्या पुस्तकासोबत शिंगाच्या पारदर्शक चकत्या येत. कप्तानाने चकती नकाशावर ठेवायची आणि आपले जहाज वादळाच्या कोणत्या अंगाला आहे ते पाहायचे. मातला नदीवर नवे बंदर बांधायचे घाटत होते, तेव्हा १८५३ मध्ये त्याने गव्हर्नर जनरलला कळवले की वादळात इथे समुद्र आत शिरेल. बंदर झालेच. १८६७ च्या वादळात पाण्याने या पोर्ट कॅनिंगची वाट लावली. पिडिंग्टन तोवर हयात नव्हता.

कठीण आहे ते ‘किती’ आणि ‘केव्हा’. आपल्या गोलार्धात वादळ घड्याळाच्या उलट फिरते. त्यामुळे पुढे सरकणाऱ्या वादळाच्या उजव्या अंगाला वारा पाणी किनाऱ्यावर लोटतो, डाव्या अंगाला ते समुद्रात ओढतो. मार्गाच्या अंदाजात पन्नास किलोमीटरची चूक झाली तर बुडणारा तालुकाच बदलतो. शिवाय भरती-ओहोटी आहेच. तेच उधाण ओहोटीत आले तर निभावते, भरतीत आले तर बांध ओलांडते.

पी. के. दास यांनी १९७२ मध्ये ‘नेचर’मध्ये या उपसागरासाठी गणिती प्रारूप मांडले, दिल्लीच्या आयआयटीत एस. के. दुबे, ए. डी. राव यांनी हे काम पुढे नेले. आज हवामान खाते आणि हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही सागरी माहिती संस्था वादळाचा संभाव्य मार्ग, समुद्रतळाची खोली आणि किनाऱ्याचा उंचसखलपणा घालून पाण्याची उंची काढतात. गणित पक्के असते. त्यात घातलेला मार्ग चुकला की उत्तरही चुकते. किनाऱ्यालगतच्या खोलीचे, जमिनीच्या उंचीचे आकडे ढोबळ असले तरी तीच गत.

ओडिशात १९९९ मध्ये सुमारे दहा हजार माणसे गेली. २०१३ च्या फायलिन वादळात बळी काही डझनांवर थांबले. याचे सगळे श्रेय संगणकाला देण्याची घाई करू नये. फायलिनचे उधाण मुळात बुटके होते, आणि निवारे बांधून दहा लाखांवर माणसे आधीच हलवली होती.

आपल्या पश्चिम किनाऱ्यावर वादळे कमी येतात, म्हणून निर्धास्त राहण्यात अर्थ नाही. मुंबईपुढचा उथळ सागरतळ शेकडो किलोमीटर आत पसरला आहे आणि इथली मोठी भरती-ओहोटी पाच मीटरच्या घरात जाते. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ अलिबागच्या दक्षिणेला धडकले. श्रीवर्धन-दिवेआगरच्या नारळी-पोफळीच्या वाड्या झोपल्या. मुंबई डाव्या अंगाला राहिली. मार्ग शंभरेक किलोमीटर उत्तरेला सरकला असता, तर माहीमच्या खाडीतून मिठी नदीत उलटे चढणारे पाणी कुठवर गेले असते, याचे गणित भर भरतीची वेळ धरूनच मांडायला हवे.