त्या गोंगाटामागे

नव्या पेठेत खाली आमचे दुकान आणि वर बिऱ्हाड. त्या बिऱ्हाडावर सध्या 'ग्रीन डे' नावाच्या अमेरिकन त्रिकुटाचे राज्य आहे! गिटार, ड्रम आणि आरडाओरडा. पुतण्या या प्रकाराला 'पॉप पंक' म्हणतो.

"अरे, गिऱ्हाइके पळतील!" मी एकदा खेकसलोच.

"काका, एकदा नीट ऐका तरी."

ऐकले. 'अमेरिकन इडियट' हा २००४ सालचा अल्बम. इराक युद्धाच्या दिवसांत निघालेला, तेरा गाण्यांतून एका पोराची सलग कहाणी सांगणारा. २००५ साली त्याला ग्रॅमी पारितोषिक मिळाले. शेवटाकडचे एक गाणे मात्र हळुवार सुरू होते. गायक बिली जो आर्मस्ट्राँग दहा वर्षांचा असताना, १९८२ च्या सप्टेंबरात, त्याचे वडील कर्करोगाने गेले. बावीस वर्षांनी ते दुःख त्याच्या गाण्यात उतरले.

माझा थोरला भाऊ जाऊन या आषाढात दोन वर्षे झाली. पुतण्या एकदाही रडला नव्हता.

मी मुकाट्याने त्याच्या शेजारी बसलो. गाणे संपल्यावर म्हणालो, "पुन्हा लाव रे."

तेव्हा कुठे त्याचे डोळे भरून आले.