निळाई उडालेली रिव्हॉल्व्हरे

अमेरिकेतल्या जुन्या शस्त्रांच्या बाजारात दोन तऱ्हांची गिऱ्हाइके येतात. एकाला मूळ खोक्यासकट, ओरखडा न पडलेले रिव्हॉल्व्हर हवे असते आणि ते तो कपाटात जपून ठेवतो. दुसरा नळीच्या टोकावरचा रंग उडालेले, मुठीचे लाकूड गुळगुळीत झालेले रिव्हॉल्व्हर मुद्दाम शोधतो, कारण त्याला नेमबाजी करायची असते. या दुसऱ्याचा शोध पुष्कळदा स्मिथ अँड वेसनच्या 'मिलिटरी अँड पोलीस'पाशी येऊन थांबतो.

तेव्हा मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डला मुख्यालय असलेल्या या कंपनीने ते १८९९ मध्ये बाजारात आणले. सहा गोळ्यांचे हे साधे शस्त्र पुढे अमेरिकेतल्या असंख्य पोलिसांच्या कमरेला आले. १९५७ मध्ये त्याला 'मॉडेल १०' हे नाव मिळाले. आजवर ते साठ लाखांहून अधिक बनले आहे, त्यामुळे दुर्मीळ म्हणून त्याचे कौतुक कोणी करत नाही.

कौतुक आहे ते वेगळ्याच गोष्टीचे. पोलिसाचे रिव्हॉल्व्हर रोज चामड्याच्या म्यानात आत-बाहेर होते, घामाने भिजते, गाडीच्या दाराला घासते. झाडले मात्र जाते ते मुख्यतः सरावापुरते. पोलादावरची निळसर झाक हा लोखंडाच्या ऑक्साइडचा अगदी पातळ थर असतो. तो नळीच्या तोंडाशी आणि सिलिंडरच्या कडांवर आधी जातो. नळीच्या आतल्या आट्यांना त्याची झळ पोचत नाही आणि .३८ स्पेशल या त्याच्या काडतुसाच्या साध्या शिशाच्या गोळ्यांनी त्या फारशा झिजतही नाहीत. थोडक्यात, वरची झीज बाळगल्याची असते, वापरल्याची नव्हे. १९८०-९० च्या दशकांत पोलीसदले पिस्तुलांकडे वळली, तेव्हा अशी रिव्हॉल्व्हरे ढिगाने विक्रीला आली.

तरी रूपावर भाळून चालत नाही, आणि कुरूपावरही नाही. जाणकार आधी सिलिंडर उघडून सहाही घरे रिकामी असल्याची खात्री करतो आणि मग ते बंद करून घोडा अंगठ्याने अगदी सावकाश मागे ओढतो. घोडा मागे अडकायच्या आत सिलिंडर फिरून आपल्या खाचेत पक्के बसले पाहिजे. ते मागे रेंगाळले, तर गोळी नळीत तिरकी शिरते आणि शिशाचे कण बाजूला उडतात. मग अडकलेला घोडा अंगठ्याने पुढे दाबून पाहतात. चाप न ओढता तो सुटला, तर ते शस्त्र धोक्याचे. सिलिंडर पुढे-मागे हलते का आणि नळीत गंजाचे खड्डे आहेत का, हेही पाहायचे. एवढ्यातून पार पडलेल्या जुन्या रिव्हॉल्व्हरचा चाप नव्यापेक्षाही मऊ लागतो, कारण आतले भाग वर्षानुवर्षे एकमेकांवर घासून गुळगुळीत झालेले असतात.

नवी झिलई चढवलेल्या नगाला मात्र जाणकार नाक मुरडतात, आणि ते योग्यच आहे. पॉलिशच्या चाकावर कडा बोथट होतात, कोरलेली अक्षरे पुसट होतात, स्क्रूंची भोके पसरट दिसू लागतात. झीज लपते, पण इतिहासही खरवडला जातो.

याच रिव्हॉल्व्हरच्या दुसऱ्या महायुद्धातल्या 'व्हिक्टरी' नगांना तर अशी झिलई कधी नव्हतीच. करड्या, निस्तेज लेपाच्या या रिव्हॉल्व्हरांच्या क्रमांकाआधी व्ही हे अक्षर असते. १९४४ च्या अखेरीस यातले एक जहाजाच्या डेकवर पडून झाडले गेले आणि एका नौसैनिकाचा जीव गेला. त्यानंतर घोड्याला अडवणारा सुधारित भाग आत बसवण्यात आला. ब्रिटन आणि राष्ट्रकुलातील सैन्यांना दिलेले नग आखूड काडतुसाचे होते. युद्धानंतर त्यांतल्या कित्येकांची घरे कोरून .३८ स्पेशलसाठी लांब केली गेली. पण मूळ घरे आणि नळी किंचित रुंद, म्हणून काडतुसांचे पितळ फुगते आणि नेमही बिघडतो. असा नग स्वस्त मिळाला तरी महागच पडतो.

जुन्या पोलादाला दारूगोळाही सौम्यच लागतो. सिलिंडर बाहेर काढल्यावर चौकटीवर मॉडेलचा आकडा नसेल, तर ते रिव्हॉल्व्हर साधारण १९५७ च्या आधीचे समजावे. त्यात जादा दाबाची '+पी' काडतुसे घालू नयेत.