काकपद

छापखान्यात मुद्रितशोधनाचे काम करण्यात ज्याची उमेदीची वर्षे गेली, त्याला एखादी कादंबरी निव्वळ सुखासाठी वाचता येणे ही गोष्ट वाटते तितकी सोपी नाही. कथेचा ओघ मनाला पुढे खेचीत असतो, आणि हाडीमाशी खिळलेल्या सवयीने नजर मात्र प्रत्येक अक्षरापाशी थबकून त्याची झडती घेत राहते. आमच्या पेशाची रीतच तशी होती. शेजारी बसलेला सहकारी मूळ मसुदा स्वल्पविराम-पूर्णविरामांसकट मोठ्याने वाची, आणि मी ओलसर प्रुफावर ओळीओळीने बोट फिरवीत समासात खुणा करी. गळलेल्या शब्दाच्या जागी पोथ्यांच्या काळापासून चालत आलेले काकपद घाली. अर्थात मन गुंतले की चूक निसटलीच, म्हणून अर्थाला दाराबाहेर थांबवून ठेवण्याचे शिक्षणच आम्हांला मिळालेले होते. जावजी दादाजींच्या निर्णयसागराने छापलेले संस्कृत ग्रंथ हा आमचा मानदंड.

अशा माझ्या हाती गेल्या पावसाळ्यात, वाचनालयातून घरी आलेली, पुठ्ठा उसवलेली एक जुनी प्रेमकथा पडली. पहिला अर्धा भाग अनुच्चारित अनुस्वारांनी सजलेला आणि उरलेला अर्धा त्यांच्यावाचून, यावरून 1962 च्या लेखननियमांच्या सुमारास, दोन वेगळ्या वळणांच्या जुळाऱ्यांनी ती जुळवली असावी असे माझे अनुमान झाले. नायिकेला पत्रात 'तू माझे धन' असे लिहिणारा नायक छपाईत तिला 'घन' म्हणत होता, आणि तिच्या आईचा ऊर भरून येण्याऐवजी 'मरून' आला होता. या चुकांचे मूळ मला ठाऊक आहे. छपाई झाल्यावर मजकूर सोडताना खिळे परत केसच्या खणांत टाकायचे असतात. थकल्या हाताने 'म'चा खिळा 'भ'च्या खणात पडला, की तो तिथे दबा धरून बसतो आणि पुढच्या कोणाच्या तरी पुस्तकात उमटतो. अंधाऱ्या खोलीत उलटी अक्षरे वाचीत दिवसभर उभ्याने राबणाऱ्या त्या माणसांविषयी माझ्या मनात तक्रार नाही.

तक्रार आहे ती निराळीच. तिसऱ्या प्रकरणात शालिनी असलेली नायिकेची धाकटी बहीण नवव्यात मालिनी होते. कोजागरीला भेटलेले दोघे आठच दिवसांनी पुन्हा पूर्ण चंद्राखाली उभे राहतात. याची जबाबदारी जुळाऱ्यावर टाकता येणार नाही. हस्तलिखित एकदाही सलग न वाचता छापखान्यात धाडणाऱ्याचीच ती बेपर्वाई, आणि तिच्यामागे, दुपारच्या वेळी बायकांनी वाचायच्या गोष्टी कशाला तपासायच्या, हा तुच्छ समज आहे. ज्या भाषेने या संपूर्ण वाङ्मयप्रकाराला नाव दिले ते बाणभट्टाच्या एका प्रेमकथेवरून, आणि जी कथा बाणाच्या मृत्यूमुळे अपुरी राहिली तेव्हा सज्जनांना झालेले दुःख पाहून त्याच्या पुत्राने पुरी केली, त्या भाषेत प्रेमकथेची अशी हेळसांड व्हावी याचा मला मनापासून संताप येतो.

आणि तरीही ते पुस्तक मी दोन रात्रींत संपवले. त्यात एक प्रसंग आहे: मुसळधार पावसाने एस्टी अडकलेली, तालुक्याच्या स्थानकावर दोघे तीन तास एका बाकावर बसलेले, आणि जे बोलायचे ते सोडून भाताच्या लावणीपासून शाळा-तपासणीपर्यंत सगळे बोलत असलेले. कपात चहा थोडाच उरलेला असतो. ती तो बशीत ओतते आणि काही न बोलता बशी त्याच्यापुढे सरकवते. तोही काही बोलत नाही, फक्त बशी दोन्ही हातांनी उचलतो. हे पान वाचून मी पुस्तक मिटले व बराच वेळ पावसाचा आवाज ऐकत बसलो. दुसऱ्या दिवशी तेच पान पुन्हा उघडले तेव्हा दिसले की त्यात चार ढळढळीत चुका होत्या, एक ओळ तर दोनदा छापलेली होती. आदल्या रात्री त्यांतली एकही माझ्या नजरेला पडली नव्हती. इतक्या वर्षांच्या नोकरीत असे मला कधी झाले नव्हते. बाहेर थांबवून ठेवलेला अर्थ त्या रात्री परवानगी न विचारता आत आला होता.

अखेरच्या पानावर नायिकेचे पत्र आहे. त्याच्या शेवटच्या ओळीत, जिच्यासाठी सारी कादंबरी लिहिली गेली त्या ओळीत, नेमका एक शब्द गळलेला: 'मी तुमची पाहीन.' वाचनालयाच्या पुस्तकावर खूण करू नये हा नियम मी जन्मभर पाळला, तरी त्या क्षणी मी उठून पेन्सिल आणली. दिव्याजवळ पान नेले, तेव्हा दिसले की 'तुमची'च्या पुढे, ओळीच्या खाली, कोणीतरी अगदी फिकट हाताने काकपद काढून समासात 'वाट' असे लिहून ठेवले होते.