घाट उतरताना गिअर कशाला?

कोल्हापूरहून आंबोली, चोर्ला, दांडेली असा चार दिवसांचा रानवाटांचा बेत आखणाऱ्या दुचाकीस्वाराची खरी परीक्षा चढात नाही, उतारात असते.

आंबोली सुमारे ६९० मीटर उंचीवर आहे. स्वार आणि सामानासह २५० किलो भरणारी गाडी ६०० मीटर उतरते, तेव्हा जवळपास १५ लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. तेवढ्यात साडेचार लिटर पाण्याला उकळी फुटेल!

सगळा भार ब्रेकवर टाकला तर डिस्क तापते, पॅडची पकड ढिली पडते. ब्रेक ऑइल उकळून त्यात बुडबुडे झाले, तर लिव्हर पोकळ लागतो.

म्हणून दुसरा-तिसरा गिअर. थ्रॉटल सोडला की इंजिनच चाकाला आवरतं. पेट्रोल वाचवायला न्यूट्रल करणारे इथेच फसतात: फ्युएल इंजेक्शनच्या बहुतेक गाड्या गिअरमध्ये उतरताना पेट्रोल बंद करतात, न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन ते पीतच राहतं.