हातावरचं गोंदण पुसलं का जात नाही?

गोव्यातल्या पेडणे-डिचोलीच्या गावांत वयस्कर बायकांच्या हातांवर अजून गोंदण दिसतं: ठिपके, तुळस, क्वचित विंचू. दागिने इथेच राहतात, गोंदण मात्र मेल्यावरही सोबत येतं, अशी जुनी श्रद्धा. विज्ञानाच्या नजरेनंही ते खरोखरच चिवट आहे.

त्वचेचा वरचा थर साधारण महिन्याभरात झडून नवा होतो. म्हणून सुई त्याखालच्या थरात, एक-दोन मिलिमीटर खोल जावी लागते. शाईतले काजळीचे कण तिथे पोहोचताच शरीराच्या भक्षक पेशी ते गिळतात, पण कार्बन त्यांना पचत नाही. पेशी मरते, कण बाहेर पडतात आणि नवी पेशी तेच कण पुन्हा गिळते. मार्सेच्या संशोधकांनी 2018 मध्ये उंदरांवर हे दाखवून दिलं. म्हणजे आजीच्या हातावरची तुळस तिच्या पेशी आयुष्यभर जपत असतात, आणि मला हे फार सुंदर वाटतं. आल्प्समध्ये सापडलेल्या सुमारे 5300 वर्षांपूर्वीच्या ओत्झी या हिममानवाच्या शरीरावर अशाच काजळीच्या 61 खुणा आहेत.

गडद त्वचेवर मात्र गोंदण उठून दिसत नाही, कारण मेलॅनिन शाईच्या वरच्या थरात असतं. आफ्रिकेतल्या अनेक समाजांनी त्यामुळे शाईऐवजी व्रणच निवडले असावेत. जखम भरताना कोलॅजन साठून कातडी उंचावते आणि नक्षी बोटांनाही जाणवते. दक्षिण सुदानमधल्या नुएर समाजात मुलगा पुरुष झाला की कपाळावर सहा समांतर रेषा कोरल्या जात.