आखूड केसांचे वळण
समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवरील आनेकलसारख्या गावी हिवाळ्यातील सकाळी ओले केस वाळण्यास वेळ लागतो. भगिनींनो, केस आखूड असले तरी घाई करू नका. ओल्या केसांतील सूक्ष्म बंध सुटतात व वाळताना पुन्हा जुळतात. म्हणून वळण द्यावयाचे ते याच वेळी. केस पंच्याने चोळू नयेत, नुसते टिपावेत. दमट राहिले की मुळांशी बोटे घालून उचलावेत. विजेचे यंत्र वीतभर दूर धरावे व शेवटी थंड हवा द्यावी.

एके काळी विधवांवर केशवपन लादले जाई. १८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या नाभिकांनी ते काम नाकारले. आज आखूड केस ही तुमची स्वतःची आवड आहे. ती आनंदाने जोपासा.